जिवाचा शीण

आमच्या गावात वाटेनं चाललेल्या माणसाला 'कसे आहात' असं कुणी विचारत नाही. विचारतात, "कुठं चालला?" उत्तरही ठरलेलं असतं. वावरात. गिरणीवर. दवाखान्यात. खामगावले. ते ऐकून विचारणारा मान हलवतो आणि आपण पुढे होतो. लहानपणापासून हा प्रश्न इतक्यांदा कानावर पडला की तो प्रश्न आहे हेच मी विसरून गेले होते.

मागच्या माघात मी पुण्याहून उंद्रीला आले, चांगला दीड महिना राहायला. पहिल्याच सकाळी पायात बूट घालून घराबाहेर पडले. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत पाच जणांनी विचारलं, "कुठं चालली?" मी प्रत्येकाला सांगत होते, "कुठं नाही, फिरायला." एक म्हातारी ओट्यावर तूर पाखडत बसली होती. तिनं सूप मांडीवर टेकवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "काऊन माय, डॉक्टरनं सांगतलं का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. गावात बिनकामाचं चालताना दिसतात ती साखरेची नाहीतर बीपीची माणसं. ज्याला काही झालेलं नाही तो कामासाठी चालतो. आणि मला डॉक्टरांनी सांगितलं होतंच. फक्त माझा आजार तिला माहीत असलेल्या दोन आजारांपैकी नव्हता.

बुलढाणा जिल्हा दोन मजल्यांचा आहे. चिखली, मेहकर, बुलढाणा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. उंद्री चिखली तालुक्यातलं, चिखलीहून खामगावकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं गाव. उदयनगर हेही त्याचंच नाव. पुण्यात एक उंड्री आहे. इंग्रजीत लिहिलं की दोन्ही एक होतात, आणि माझं आयुष्य या द आणि ड मध्ये वाटलं गेलं आहे. जन्म उंद्रीचा, गेली बारा वर्षं संसार उंड्रीचा, नवव्या मजल्यावर. 2020 मध्ये ऑफिस घरात आलं आणि मग पुरतं परत गेलंच नाही. झोपायच्या खोलीपासून कामाच्या टेबलापर्यंत अकरा पावलं. कितीतरी दिवस माझ्या पायांनी याहून लांबचा पल्ला पाहिला नाही.

आजार कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटायचं. जेवणावरची वासना गेली. लेकीचा आवाज कानावर पडायचा, पण आतपर्यंत पोचायचा नाही. डॉक्टरांपुढे बसले तेव्हा माझ्या तोंडून मनाबद्दलचा एकही शब्द निघाला नाही. छातीत दडपण, पोटात गोळा, हातपाय गळाल्यासारखे, डोकं जड, एवढंच सांगत राहिले. ईसीजी झाला, थायरॉइड, साखर, बी-12, सगळं तपासून झालं. बी-12 कमी निघालं, बाकी सगळं ठीक. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, औषध दिलं आणि कागदावर खाली लिहिलं, 'रोज अर्धा तास चालणे'.

छातीत दडपतं, पोटात गोळा येतो हे सांगणारी मी अडाणी नव्हते आणि आमच्या गावातल्या बायकाही अडाणी नाहीत. मराठीत दुःखाला राहायला जागा लागते आणि ती शरीरातच असते. धास्तीनं पोटात गोळा येतो, काळजीनं काळीज कुरतडतं, भीतीनं हातपाय गळतात, सुटका झाली की जीव भांड्यात पडतो. मन नावाचा वेगळा अवयव कुठं आहे हे आपल्या बोलीनं कधी शोधलंच नाही. तिनं माणूस अखंड धरला. त्या अखंड माणसाचे दोन तुकडे मी पुण्यात केले होते. एक तुकडा खुर्चीत बसवून ठेवला आणि दुसऱ्याकडून दिवसाचे दहा तास काम करून घेतलं.

औषधानं झोप परत आली. त्या उपकाराची नोंद मला इथे आधी करायची आहे, कारण पुढे मी चालण्याबद्दल जे सांगणार आहे ते औषधाच्या आधारावर उभं राहूनच मला करता आलं. पण चालणं जमेना. सोसायटीच्या आत आखलेली वाट होती. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. मी गोल फिरायची आणि दर फेरीला आकडा पाहायची. दहा हजार झाले नाहीत की तेही एक राहिलेलं काम होऊन बसायचं. शरीर हलत होतं, पण आतली हिशेबाची वही उघडीच होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, काही दिवस जागा बदलून पाहा. जागा म्हटल्यावर मला उंद्रीच आठवली.

आई अडुसष्ट वर्षांची. वडील गेल्यापासून निम्मं वावर ठोक्यानं दिलेलं, उरलेलं ती स्वतः पाहते. पहाटे पाचला उठते. मी तिला म्हटलं, "आई, माझ्यासोबत फिरायला चल." ती भाकर थापता थापता म्हणाली, "मले कायले पायजे फिरणं? मी काय दिवसभर बसून रायतो का?"

खरंच होतं. सोयाबीनची सोंगणी झाली की कापसाची वेचणी, ती सरते न सरते तोच तूर, मग हरभरा. निंदणाच्या दिवसांत सात-सात तास वाकून. बोंडाच्या टोकांनी तिच्या बोटांना पडलेल्या चिरा मी शाळेत असल्यापासून पाहत आले. पुण्यात ज्याला हालचाल म्हणतात ती आईच्या एका दिवसात माझ्या आठवड्यापेक्षा जास्त होते. मग हालचालीनं मन बरं राहत असेल तर आई जगातली सर्वात आनंदी बाई असायला हवी होती.

ती नव्हती. हे मला त्या दीड महिन्यात कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं याची खंत अजून जात नाही. ती रात्री दोन-दोनदा उठून बसायची. चार घास खाऊन ताट सरकवायची. विचारलं की एकच उत्तर: "शीन आला." मी तिला तपासणीला नेलं. रक्त चांगलं होतं, हिमोग्लोबिन बारा. डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. परत येताना एसटीत तिनं खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "अंगाचा शीन झोपीनं जाते. जिवाचा शीन नाही जात."

बायकांच्या या शिणावर गोव्यात एक मोठा अभ्यास झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांना विचारलं आणि 2005 साली ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. त्यातल्या 12 टक्के बायका सहा महिन्यांहून अधिक काळ थकव्याची तक्रार करत होत्या. थकवा म्हटलं की वाटतं, रक्त कमी असेल. पण त्या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो गरिबीशी, घरातल्या जाचाशी, मनावरच्या ओझ्याशी. म्हणजे आईनं एसटीत जे एका ओळीत सांगितलं तेच. रक्त तपासावंच, कारण आपल्याकडे पंडुरोग घरोघर आहे. पण अहवाल चांगला आला म्हणून 'काही झालेलं नाही' असं म्हणून बाईला घरी पाठवू नये. आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात असं आपण म्हणतो. अंगावर काढता काढता ते अंगाखाली किती खोल गेलं हे कुणी विचारत नाही.

आमचा जिल्हा या शिणाला अनोळखी नाही. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा विदर्भातले 6 जिल्हे त्यात होते आणि बुलढाणा त्यांतला एक. ज्यांनी जीव दिले ती माणसं आळशी नव्हती, बसून राहिलेली नव्हती. त्यांच्या पायाखालून रोज मैलोगणती जमीन जात होती. व्यायाम केला की उदासी जाते असं जे सरसकट सांगितलं जातं, त्या सांगण्यापुढे हा जिल्हा उभा आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

उत्तराचा एक धागा अभ्यासकांच्याही हाती लागला आहे. 2017 साली जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा फुरसतीच्या वेळेत, आपल्या मर्जीनं केलेली हालचाल मनाच्या आरोग्याशी चांगली जुळलेली दिसली. पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीचं तसं नव्हतं. तिथे उलट मनाचं दुखणं जास्त आढळलं. स्नायू तेच, घाम तोच. फरक कुठे पडतो? मला वाटतं, त्या हालचालीचा मालक कोण यात. वेचणीला किलोचा हिशेब असतो. निंदणीला पावसाची घाई असते. डवरणीच्या प्रत्येक तासाला कर्जाचा हप्ता जुंपलेला असतो. ते शरीर आपलं असतं, पण त्याचं चालणं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असतं.

हे मला माझ्या भाच्याकडे पाहून अधिक उमगलं. चुलतभावाचा मुलगा, मला आत्या म्हणतो. पोलीस भरतीसाठी तीन वर्षं पहाटे चारला उठून पळाला. आमच्याकडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे जा, अंधारात पोरं पळताना दिसतील. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक, सगळं मिळून 50 गुण. प्रत्येक सेकंदाला भाव. तो दोन गुणांनी राहिला आणि त्या दिवसापासून बूट खुंटीला गेले. बावीस वर्षांचं तयारीचं शरीर, आणि तो दुपारी बारापर्यंत पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलेला. पळण्यानं मन खंबीर होतं असं मी ऐकलं होतं. त्याचं पळणं मात्र पहिल्या दिवसापासून परीक्षेचं होतं. परीक्षा संपली तेव्हा पळणंही त्याचं राहिलं नाही.

माघ वद्य सप्तमी म्हणजे शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकटदिन. त्याच्या आधी घाटावरच्या गावागावांतून पायी दिंड्या निघतात. आमच्या गल्लीतल्या बायकाही दरवर्षी जातात. त्या वर्षी आईनंच मला विचारलं, "येशीन का माह्यासंगं शेगावले? पायी." मी हो म्हटलं. भाच्यालाही ओढून घेतलं, पाण्याची टाकी ज्या ट्रॅक्टरवर होती त्याच्यामागे चालायला.

निघालो तेव्हा पहाट थंड होती. दोन्ही बाजूंना घाट्यांनी भरलेला हरभरा, पुढे ओंबीवर आलेला गहू. पुढे विणेकरी, मागे टाळ, त्यांच्या मागे पताका आणि त्यामागे आम्ही बायका. पहिल्या तासाभरात मी तीनदा मनगटाकडे पाहिलं. घड्याळ मी घरीच ठेवलं होतं, सवय मनगटावरच राहिली होती. मग टाळाचा ठेका पायांत उतरला. पाऊल कधी टाकायचं हे मला ठरवावं लागत नव्हतं. ते आधीच ठरलेलं होतं आणि शंभर पाय ते एकत्र पाळत होते. वर्षभर प्रत्येक श्वास स्वतःच्या देखरेखीखाली घेतलेल्या माणसाला हे केवढं विसावणारं असतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

रस्त्यात एकाही माणसानं विचारलं नाही, कुठं चालला. पताका पाहिल्या की लोकांना कळत होतं. ते विचारण्याऐवजी चहा देत होते, पोहे देत होते, कुणी वाकून पाया पडत होतं. आईच्या पायाला आजवर कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

दुपारनंतर उतार लागला. अंगाला लागणारी हवा ऊबदार झाली, टेकड्यांवर पळस पेटायला लागलेला दिसला. पश्चिमेला ज्ञानगंगेचं जंगल. 2019 साली यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ महिनोन् महिने चालत, 1300 किलोमीटरच्या वर वाट तुडवून त्या जंगलात आला होता. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून ती वाट जगाला कळली. सावलीत टेकलो असताना त्याचा विषय निघाला. आमच्यातली एक आजी म्हणाली, "त्याले कोनी इचारलं नसन, कुठं चालला म्हून." बायका हसल्या. आई सगळ्यात उशिरापर्यंत हसत होती.

आणि मग फुगडी सुरू झाली. डांबरी रस्त्याच्या कडेला, पदर खोचून, पायांत दिवसभराची वाट घेऊन. शेजारच्या काकूंनी आईचे हात धरले. त्या दोघी गरागरा फिरायला लागल्या, आईची मान मागे गेली, तोंडातून फू फू निघायला लागलं. मी दगडावर बसून पाहत होते. पंचेचाळीस वर्षांत मी आईला काम करताना पाहिलं होतं, दमताना पाहिलं होतं, सणावाराला राबताना पाहिलं होतं. खेळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तेच हात, बोंडांनी चिरलेले. तेच गुडघे, ज्यांना रात्री तेल चोळावं लागायचं. सकाळपासून ती वावरातल्या दिवसाइतकीच दमली होती. पण त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर पडल्या पडल्या तिला झोप लागली आणि ती एकदाही उठून बसली नाही. मी जागी राहून पाहिलं.

चालल्यानं आत काय होतं ते मी नंतर वाचलं. स्नायू हलले की मेंदूकडचा रक्तपुरवठा वाढतो, पेशींना वाढवणारी आणि जपणारी द्रव्यं तयार होतात, ताणाची संप्रेरकं हळूहळू ताळ्यावर येतात, झोप सुधारते. मेंदूत आठवणी सांभाळणारा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. वय वाढतं तसा तो आक्रसतो. 2011 साली अमेरिकेत 120 वयस्क माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालवलं, तर त्यांचा हा भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ऑक्सफर्डमधल्या दुसऱ्या एका प्रयोगात वल्हेकऱ्यांना एकदा एकट्यानं आणि एकदा एकत्र वल्ही मारायला लावलं. मेहनत तेवढीच होती. पण एका तालात, एकत्र केलेल्या मेहनतीनंतर त्यांची वेदना सोसायची ताकद अधिक भरली. हे वाचताना मला टाळ ऐकू येत होते. आमच्या पायांना फोड आले होते आणि ते दुखल्याचं आम्हाला मुक्कामावर पोचल्यावरच कळलं होतं.

पण सगळ्यात जवळचं वाटलं ते पुन्हा गोव्याचं काम. तिथल्या 'संगत' या संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांसोबत एक प्रयोग केला. तो 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. त्यात प्रामुख्यानं एकच गोष्ट होती: मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, आधी जे सुटून गेलंय त्यातलं थोडं थोडं करायला घ्यायचं. शेजारी जाणं, चालणं, देवळात बसणं, गाणं ऐकणं. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक आजारातून वर आलेले होते. नेहमीचे उपचारच मिळालेल्यांत ते प्रमाण 39 टक्के होतं. आपण म्हणतो, 'मन लागत नाही म्हणून बसलोय.' हा प्रयोग वाक्य फिरवून सांगतो: उठलं की हळूहळू मन लागतं. उठवायला मात्र कुणीतरी दारात यावं लागतं.

दुसऱ्या मुक्कामानंतर खामगाव मागे पडलं. तिथून शेगाव सुमारे 16 किलोमीटर. त्या रस्त्यावर चारी दिशांच्या दिंड्या एकमेकींत मिसळतात आणि आपलं गाव कोणतं हे पताका पाहूनच कळतं. भाचा ट्रॅक्टर सोडून पुढे गेला होता. पाहिलं तर एका म्हाताऱ्याची पिशवी खांद्याला लावून त्याच्या चालीनं चालत होता. 1600 मीटर पाच मिनिटांच्या आसपास काढणारा पोरगा, आणि त्या म्हाताऱ्याच्या पावलाला पाऊल लावून तासाला तीन किलोमीटर. त्या चालण्याला गुण नव्हते. शेगावात पंगतीला भाकर, पिठलं आणि अंबाडीची भाजी होती. त्यानं चार भाकरी खाल्ल्या. त्याच्या आईनं हे ऐकलं तेव्हा ती फोनवर काही बोललीच नाही. नुसती रडली.

परत आलो एसटीनं. घरी सगळं तसंच होतं. गावच्या सोसायटीचं कर्ज तेवढंच होतं, सोयाबीनचा भाव वाढलेला नव्हता, पुढच्या भरतीची जाहिरात निघालेली नव्हती. चालण्यानं यातलं काही मिटत नाही. शेतमालाला भाव देणं, दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसवणं ही ज्यांची कामं आहेत त्यांनी ती करावीत. गरिबाला 'जरा व्यायाम कर' म्हणून त्यांची सुटका होणार नाही. ज्याला जीव नकोसा झाला आहे त्याला चालायला पाठवून भागत नाही. त्याच्याजवळ बसावं लागतं आणि उपचारांपर्यंत न्यावं लागतं. 'टेली-मानस'चा 14416 हा नंबर मी आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जाड पेनानं लिहून ठेवला आहे. त्यावर मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. गल्लीतल्या दोघी तिघी तो वहीत उतरवून घेऊन गेल्या. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

पण शरीर आपल्या मालकीचं असण्याचा रोज थोडासा अनुभव, हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. वऱ्हाडाला ही कल्पना नवी नाही. अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि तिथल्या पोरांनी 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. ती पोरं बहुतेक साध्या घरांतलीच असणार, घरी कामं करून आखाड्यात येणारी. दिवसभर राबलेलं अंग संध्याकाळी पुन्हा मातीत का नेत असतील? कारण मारुतीसमोरच्या त्या मातीत अंग कुणाचं चाकर नसायचं. आमच्या गावोगावच्या आखाड्यांत आता कुटार भरलेलं असतं किंवा समाजमंदिर झालेलं असतं. आणि ते चालू होते तेव्हाही बायकांसाठी नव्हतेच. बाईला तिचं अंग तिचं वाटण्याच्या जागा मोजक्या: माहेर, पंचमीचा झोका, फुगडी, वारी. यातली रोजची एकही नाही.

शेगावहून आल्यावर चौथ्या दिवशी, संध्याकाळी भाकरी झाल्यावर, आई म्हणाली, "चाल." शेजारच्या काकू दारात उभ्याच होत्या. आम्ही तिघी मारुतीपर्यंत गेलो. देवाला जातोय म्हणून कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तशाच. तिसऱ्या दिवशी देऊळ आलं आणि त्या दोघी न थांबता पुढे चालत राहिल्या, नाल्याच्या पुलापर्यंत. तिथे कठड्यावर बसून काकूंनी सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं. आईनं वडील गेले त्या रात्रीची एक गोष्ट सांगितली. ती मलाही ठाऊक नव्हती. समोरासमोर बसून ती बोलली नसती. चालून आल्यावर, शेजारीशेजारी, दोघींचे डोळे समोरच्या रानावर असताना ती गोष्ट निघाली.

मी पुण्याला परत आले. औषध अजून चालू आहे, डॉक्टरांच्या देखरेखीत कमी होत चाललंय. सकाळी सोसायटीचं फाटक ओलांडून बाहेर जाते, जिकडे वाट फुटेल तिकडे. मजल्यावरच्या दोघी आता सोबत असतात. भाच्याचा फोन आला होता. पुन्हा पळायला लागलाय. किती वेळ लागतो, असं विचारणार होते तेवढ्यात तोच म्हणाला, "आत्या, घड्याळ नाही लावलं अजून. पहिले नुसताच पळतो."

परवा संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा ती वाटेतच होती. पलीकडून काकूंचा आवाज येत होता, आणखी कुणाकुणाचे येत होते. आता पाच जणी असतात म्हणे. बोलता बोलता मला मागून एका पुरुषाचा आवाज ऐकू आला, ओट्यावर बसलेला कुणीतरी असेल: "काय वो बाई, कुठं चालल्या सगळ्या?"

क्षणभर फोनवर नुसती पावलं ऐकू आली. मग आईचा आवाज आला, सरळ आणि मोकळा.

"कुठंच नाही. पाय मोकये कराले."